सहा मिनिटांचा मानकरी

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, हे आता आपल्याकडल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. या नव्वदांपैकी शेवटची सहा मिनिटे एका माणसाच्या वाट्याला आली, आणि तेवढ्यावरून एक अख्खा देश पन्नासाहून अधिक वर्षे भांडत राहिला. देश इटली. सामना १९७० सालच्या जागतिक करंडकाचा अंतिम सामना, २१ जून रोजी मेक्सिको शहरातल्या अझ्टेका मैदानावर झालेला. आणि माणूस जिआन्नी रिव्हेरा.

या सदरात वर्षभर मी बहुधा क्रिकेटचेच पुराण लावतो, आणि वाचकही ते मुकाट्याने ऐकून घेतात. दिवाळीला मात्र संपादक पान जरा मोठे देतात आणि मलाही दूरच्या गावाला जाऊन यावेसे वाटते. तेव्हा यंदा इटलीला जाऊ. तिथले चर्च-चित्रे पाहायला पुष्कळ लोक जातात. आपण मिलानचे मैदान पाहू.

रिव्हेराचा जन्म १८ ऑगस्ट १९४३ चा. इटलीच्या वायव्येला अलेस्सांद्रिया नावाचे शहर आहे, त्याच्या लगतच्या खेड्यातला. महायुद्ध ऐन भरात होते. बाप रेल्वेत नोकरीला, म्हणजे आपल्या परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपातल्या मंडळींना हे घर काही परके वाटू नये. २ जून १९५९ रोजी, सोळावे वर्ष पुरे व्हायला अडीच महिने असताना, हा पोरगा अलेस्सांद्रियाच्या संघातून इंटर मिलानसारख्या बड्या संघाविरुद्ध पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळायला उतरला. आपल्याकडे त्या वयाचा मुलगा शालान्त परीक्षेच्या गाईडात तोंड खुपसून बसलेला असतो.

१९६० साली मिलान क्लबने त्याला आपल्याकडे घेतले. त्याच वर्षी तिथून श्याफीनो बाहेर पडला होता. हा श्याफीनो म्हणजे उरुग्वेचा बडा खेळाडू, १९५० चा विश्वविजेता. त्याची जागा सांभाळायला एक सतरा वर्षांचा किडकिडीत मुलगा! त्याच वर्षी रोमला ऑलिम्पिक भरले, त्यात रिव्हेरा इटलीकडून खेळला. आपला भारतीय संघही पी. के. बॅनर्जींच्या नेतृत्वाखाली त्याच स्पर्धेत होता आणि फ्रान्सशी त्याने १-१ अशी बरोबरी केली होती. एका स्पर्धेच्या छताखाली आपली मुले आणि हा मुलगा एकदा येऊन गेली, एवढाच आपला त्याचा ऋणानुबंध.

आता हा खेळे कसा, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. रिव्हेरा मधल्या फळीतला खेळाडू. गोल मारणारे पुढे, गोल अडवणारे मागे, आणि यांच्यामध्ये उभा राहून चेंडू कुठे जायला हवा हे ठरवणारा तो. पंगतीत एखादा वाढपी असा असतो, की कुणी मागायच्या आधीच त्याला कळते, तिसऱ्या पानावरचा वरणभात संपत आला आहे आणि कोपऱ्यातल्या आजोबांना मठ्ठा हवा आहे. तो पळापळ करीत नाही. पण पंगत त्याच्यावर चालते. रिव्हेरा तसा. मान वर, पाठ ताठ, चेंडू पायाशी, आणि मग पंचवीस-तीस यार्डांवर जिथे या क्षणी कुणीच नाही तिथे चेंडू टाकायचा; पुढच्या क्षणी आपला माणूस बरोबर तिथे पोचलेला असतो.

तो पळत नसे, हीच तर त्याच्यावरची तक्रार. चेंडू गेला की तो परत मिळवायला धावणे, प्रतिस्पर्ध्याला खांदा देणे, डोके घालणे ही कामे त्याला मनापासून आवडत नसत. आणि काळ असा, की इटलीत फुटबॉल म्हणजे आधी बचाव. दाराला कडी घालून बसायचे आणि संधी मिळाली की एक चपळ हल्ला करून पुन्हा कडी घालायची. या पद्धतीला ते लोक 'कातेनाच्यो' म्हणत, म्हणजे कडीच. अशा घरात हा दार उघडे टाकून अंगणात कविता करीत उभा!

जिआन्नी ब्रेरा नावाचा मोठा क्रीडालेखक तेव्हा इटलीत होता. त्याची लेखणी अशी, की तिने एखाद्याला नाव ठेवले की ते जन्मभर चिकटे. त्याचे मत असे, की इटालियन माणूस अंगाने नाजूक. त्याने बचाव करूनच जिंकावे. त्याने रिव्हेराला 'आबातीनो' म्हटले. जुन्या काळी सरदारांच्या दिवाणखान्यात गोडगोड बोलत वावरणारे नाजूक तरुण पाद्री असत, त्यातला हा. आपल्याकडे 'भटजीबुवांचा बाळ' म्हणावे तसे काहीसे. मला ब्रेराबद्दल आदर आहे, कारण खेळावर इतक्या पोटतिडकीने लिहिणारे लोक थोडे. पण टोपणनाव ठेवण्यात एक सोय असते: ते एकदा ठेवले की माणसाकडे पुन्हा पाहावे लागत नाही.

मिलानच्या प्रशिक्षकाने मात्र पाहिले. नेरेओ रोक्को हा त्रिएस्तचा गडी, अंगाने आडवा, बोलीने रांगडा आणि कडी घालण्याच्या पद्धतीतला पक्का उस्ताद. दहा कष्टकऱ्यांच्या घरात एक कलावंत पोसायला हरकत नाही, असा हिशेब या उस्तादाने मांडला. रिव्हेराच्या शेजारी त्याने जोवान्नी लोदेत्ती नावाचा खेळाडू ठेवला. लोदेत्ती स्वतःसाठी पळे आणि रिव्हेरासाठीही पळे. त्याला लोक रिव्हेराचे फुप्फुसच म्हणत. हे नाव वाचकांनी जरा लक्षात ठेवावे; पुढे लागणार आहे.

फळ काय मिळाले, तेही पाहा. १९६२ साली मिलान लीगविजेते. २२ मे १९६३ रोजी लंडनच्या वेम्ब्लीवर बेनफिकाविरुद्ध युरोपीय करंडकाचा अंतिम सामना. एउसेबिओने आधी गोल चढवला, आणि मग मिलानच्या अल्ताफिनीने दोन मारून २-१ असा सामना फिरवला. चेंडू पुरवणारा रिव्हेरा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. इटलीच्या क्लबाला हा करंडक मिळण्याची ती पहिली वेळ. १९६८ ला पुन्हा लीग. २८ मे १९६९ रोजी माद्रिदला आयाक्सचा ४-१ असा फडशा. त्या आयाक्समध्ये तरुण क्रायफ होता. प्रातीने तीन गोल मारले, पण कर्णधार रिव्हेराने त्यातल्या एकासाठी टाचेने मागे सरकवलेला चेंडू पाहिला म्हणजे गोल मारणाऱ्याला विसरायला होते.

नाजूकपणाचे म्हणाल, तर त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्वेनोस आयरेसला एस्तुदियान्तेसविरुद्ध मिलानचा सामना झाला. सामना कसला, मारामारीच ती. मिलानच्या कोंबँचे नाक फुटले, आणि नंतर अर्जेंटिनाच्या काही खेळाडूंना तुरुंगाची हवा खावी लागली. त्या धुमश्चक्रीत मिलानकडून एकच गोल झाला. तो मारला आबातीनोने.

वर्षअखेरीस 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाचा सोन्याचा चेंडू, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, रिव्हेराला मिळाला. दुसरा आला जीजी रिवा, अवघ्या चार गुणांनी मागे. (रिव्हेरा आणि रिवा यांची गल्लत करू नये. रिवा हा गोल मारण्याचे यंत्र; दोघेही इटलीचेच.) इटलीत जन्मलेल्या खेळाडूला हा मान त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

युरोपातला सर्वोत्तम खेळाडू १९७० च्या मेक्सिकोला गेला तो राखीव म्हणून. त्याच्या सदऱ्यावर आकडा होता चौदा.

याचे कारण सांद्रो मात्सोला. हा इंटर मिलानचा, म्हणजे त्याच शहरातल्या हाडवैरी क्लबाचा. याचा बाप वालेन्तिनो हा तोरिनोचा महान कर्णधार. १९४९ साली सुपेर्गाच्या टेकडीवर तोरिनोच्या संघाचे विमान आदळले, त्यात तो गेला. मुलगा बापाच्या तोलाचा निघाला. मात्सोला चपळ, रिव्हेरा हिशेबी. मात्सोला पळे, रिव्हेरा पळवी. दोघांना एकत्र खेळवले तर बचावाला माणूस कमी पडतो, असे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक फेर्रुच्यो वाल्कारेज्जी यांचे मत. मग करायचे काय? वाल्कारेज्जी हे सौम्य, कुणाला दुखवू न इच्छिणारे गृहस्थ. त्यांनी दोन भावांत वाडा वाटून द्यावा तसा सामना वाटून दिला. पहिला अर्धा मात्सोलाचा, दुसरा अर्धा रिव्हेराचा. इटलीत याला 'स्ताफेत्ता' म्हणाले, म्हणजे टपालाची बदलती डाक. खेळाडू बदलण्याची मुभाच मुळी जागतिक करंडकात त्या वर्षी पहिल्यांदा मिळाली होती, आणि तीही एका सामन्यात फक्त दोन.

लोक या दोघांना वैरी समजत. वास्तविक दोनच वर्षांपूर्वी, १९६८ साली, इटलीत खेळाडूंची संघटना स्थापन झाली तेव्हा स्थापनेच्या टेबलाशी हे दोघेही होते.

मेक्सिकोला पोचल्यावर आणखी एक प्रकार घडला. अनास्तासी या आघाडीच्या खेळाडूवर ऐनवेळी शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणून त्याच्याऐवजी माणूस मागवला. मागवायचा एक, आले दोन: बोनिन्सेन्या आणि प्राती. संघात एक डोके जास्त झाले. मग कुणाला तरी परत पाठवणे भाग होते. पाठवला तो लोदेत्ती! इतक्या लांब आणून त्या भल्या माणसाला तिथून माघारी धाडला, आणि रिव्हेराचे फुप्फुस स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच काढून घेतले. रिव्हेराने पथकाचे प्रमुख मांदेल्ली यांच्याविरुद्ध उघड तोंड सोडले. प्रकरण इतके चिघळले, की त्याची समजूत घालायला म्हातारा रोक्को विमानात बसून मेक्सिकोला आला. बापाने वसतिगृहात येऊन मुलाला चार शब्द सांगावेत, तसा.

पहिल्या तीन सामन्यांत इटलीने सगळा मिळून एक गोल केला. चौथा सामना यजमान मेक्सिकोशी. मध्यंतरापर्यंत १-१. मध्यंतरानंतर रिव्हेरा आला आणि इटलीने तीन गोल चढवले. त्यातला एक त्याचा स्वतःचा.

आणि मग १७ जून, पश्चिम जर्मनीशी उपान्त्य सामना. हा सामना मी संगणकाच्या पडद्यावर किती वेळा पाहिला असेन, त्याचा हिशेब घरच्या मंडळींनी ठेवला आहे. आठव्या मिनिटाला बोनिन्सेन्याने गोल केला आणि इटलीने दाराला कडी घातली. मध्यंतराला वाटणीप्रमाणे मात्सोला गेला, रिव्हेरा आला. नव्वदावे मिनिट संपता संपता जर्मनीच्या श्नेलिंगरने बरोबरी साधली. हा श्नेलिंगर मिलानमध्ये रिव्हेराचाच सहकारी, बचावपटू. जर्मनीकडून त्याने उभ्या जन्मात मारलेला हा एकमेव गोल. जादा वेळ सुरू झाला. बेकेनबाउअरचा खांदा निखळलेला, हात छातीशी बांधलेला, तरी तो खेळतो आहे. म्यूलरने गोल केला, जर्मनी २-१. बुर्गनिकने फेडला, २-२. रिवाने मारला, ३-२. एकशे दहाव्या मिनिटाला म्यूलरने पुन्हा डोके लावले, आणि चेंडू गोलखांब्याशी पहाऱ्याला उभ्या असलेल्या माणसाच्या अगदी अंगाजवळून आत गेला. ३-३. पहाऱ्याला उभा होता रिव्हेरा.

गोलरक्षक आल्बेर्तोसी त्याच्यावर असा ओरडला, की आवाज न ऐकताही पडद्यावर शब्द कळावेत. ज्याला आयुष्यभर 'तू बचाव करीत नाहीस' म्हणून ऐकवले, त्याच्या अंगावरून असा गोल जावा आणि तो उपान्त्य सामन्यात! रिव्हेरा खांब्याला क्षणभर टेकला. मग मधल्या रेषेकडे निघाला. चेंडू खेळात आला, तीन-चार जणांकडून फिरत डावीकडे बोनिन्सेन्याकडे गेला, तो धावत कडेपर्यंत पोचला आणि त्याने चेंडू मागे ओढून दिला. तिथे रिव्हेरा पोचलेला. जर्मन गोलरक्षक मायर एका बाजूला झुकला. रिव्हेराने उजव्या पायाच्या आतल्या अंगाने, अगदी सावकाश, चेंडू दुसऱ्या बाजूला सरकवला. ४-३. एका मिनिटात फाशी आणि सुटका.

अझ्टेका मैदानावर या सामन्याची पाटी लावली आहे. तिच्यावर त्याला शतकाचा सामना म्हटले आहे. ब्रेराला मात्र हा सामना तंत्राच्या दृष्टीने चुकांनी भरलेलाच वाटला. माणूस तत्त्वाचा पक्का!

चार दिवसांनी ब्राझीलशी अंतिम सामना. पेले, जाईरझिन्यो, जेर्सन, तोस्ताओ, रिव्हेलिनो. मध्यंतराला १-१. आता वाटणीप्रमाणे रिव्हेरा येणार, असे सारा देश समजून बसलेला. मात्सोलाच परत आला. सहासष्टाव्या मिनिटाला जेर्सनने, एकाहत्तराव्याला जाईरझिन्योने गोल मारले. इटलीने एक बदल केला, पण आला तो जुलियानो. शेवटी चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला बोनिन्सेन्याला काढून रिव्हेराला पाठवले. तो आल्यावर दोन मिनिटांत ब्राझीलचा चौथा गोल झाला. ४-१. संपले.

आमच्या घरी हा सामना पाहताना पुतण्याने सांगितले, "काका, वाल्कारेज्जींचं काही चुकलं नाही. मात्सोला त्या दिवशी चांगला खेळत होता. त्याला का काढायचा?" मुद्दा बरोबर आहे. संघ जादा वेळ खेळून थकलेला, मेक्सिकोची ती विरळ हवा, समोर ब्राझील, आणि हातात बदल दोनच. रिव्हेरा आला असता म्हणून इटली जिंकली असती, असे मलाही वाटत नाही. यावर आमची ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, पण मग शेवटची सहा मिनिटं तरी त्याला कशाला पाठवलं? नको होता तर बसवून ठेवायचा!"

मला हा प्रश्न सगळ्या इटालियन पंडितांच्या लेखांपेक्षा नेमका वाटतो. न खेळवणे हा निर्णय झाला. तो चूक किंवा बरोबर असू शकतो. पण मैफल आटोपून श्रोते चपला शोधू लागल्यावर एखाद्या गवयाच्या हाती तंबोरा द्यावा, यात निर्णय कुठे आहे? त्यात त्याचा मान नाही आणि मैफलीचाही नाही. कुणालाही न दुखवण्याच्या नादात वाल्कारेज्जींनी त्याला असा दुखवला, की पाहणाऱ्यांनाही ते विसरता आले नाही. रोमच्या विमानतळावर संघ उतरला तेव्हा जगात दुसऱ्या आलेल्या या मंडळींच्या स्वागताला लोक टोमॅटो घेऊन आले होते. मुख्य रोख मांदेल्ली आणि वाल्कारेज्जींवर.

यानंतर रिव्हेरा नऊ वर्षे खेळला, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. त्याचा स्वभाव निवळला म्हणाल, तर नाही. १९७२ साली काल्यारीविरुद्ध मिलानवर पेनल्टी दिली गेली, तेव्हा पंचांनी आमची लीग हिरावून घेतली असे तो जाहीरपणे बोलला आणि बंदी ओढवून घेतली. मला हे त्याचे बोलणे आवडलेले नाही. पंचाच्या मागे लागणे हे अशा खेळाडूला शोभत नाही. पुढल्या मोसमात त्याने सतरा गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान दोघांसह वाटून घेतला. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, २० मे १९७३ ला, मिलान एका गुणाने पुढे होते आणि सामना व्हेरोनासारख्या मामुली संघाशी. चारच दिवसांपूर्वी ग्रीसमध्ये लीड्सविरुद्ध युरोपातला दुसरा एक करंडक जिंकून थकून आलेले हे लोक व्हेरोनाला ५-३ असे हरले, आणि लीग गेली युव्हेंटसकडे. १९७५ साली क्लबाचे अध्यक्ष बुतिक्की यांनी त्याला तोरिनोला देऊन बदल्यात दुसरा खेळाडू घ्यायचे मनात आणले. रिव्हेराने काय करावे? एलिजिओ नावाच्या एका मठवासी पाद्र्याच्या साह्याने तो क्लबच विकत घ्यायच्या खटपटीला लागला. अध्यक्ष गेले, रिव्हेरा राहिला. बदलीचा हुकूम आला म्हणून कारकुनाने कचेरीच विकत घ्यावी, असा हा मामला.

पुढे तो क्लबाचा उपाध्यक्ष झाला, १९८७ साली इटलीच्या संसदेत निवडून गेला, काही काळ संरक्षण खात्यात उपमंत्रीही होता, आणि नंतर युरोपीय संसदेतही बसला. त्यात मला फारसा रस नाही. संसदेत बसायला माणसे मिळतात.

मला सांगायचे आहे ते १९७९ चे. मिलानच्या नावावर नऊ लीग जमा होत्या. दहावी मिळाली की सदऱ्यावर तारा लावता येतो, अशी तिथली रीत; पण नवव्याला अकरा वर्षे उलटून गेली तरी दहावी हाती लागत नव्हती. प्रशिक्षक होता लिडहोल्म, संघात फ्रांको बारेसी नावाचा अठरा वर्षांचा पोरगा आला होता, आणि रिव्हेरा पस्तिशीत. आता तो दर सामन्याला नसे. फेब्रुवारीत रोक्को त्रिएस्तला वारला. दहावी लीग काही त्याने पाहिली नाही.

६ मे रोजी सान सिरो मैदानावर बोलोन्याशी सामना. एक गुण मिळाला की झाले. पण मैदानाच्या वरच्या मजल्याचा एक भाग धोक्याचा म्हणून बंद ठेवला होता, आणि लोक तिथेही घुसून बसले. पोलिसांचे कुणी ऐकेना. तो भाग रिकामा झाल्याशिवाय सामना सुरू करता येणार नव्हता, आणि सामना झाला नाही तर गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात. तेव्हा रिव्हेरा हातात ध्वनिक्षेपक घेऊन मैदानात उतरला. वर पाहून त्याने लोकांना विनवले, तिथून उठा, आम्हांला खेळू द्या.

एवढी हजारो माणसे, उन्मादाने भरलेली, अकरा वर्षे वाट पाहिलेली. ती उठू लागली. एकेक करून, मग रांगेने, सरकत सरकत तो भाग रिकामा झाला. सामना उशिरा सुरू झाला आणि ०-० असा बरोबरीत सुटला. मिलानला तारा मिळाला, आणि मिलानकडून ६५८ सामने व १६४ गोल खात्यावर जमा करून त्या मोसमाअखेर रिव्हेराने बूट काढून ठेवले.